पाळी चुकल्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत: कशाची घाई करायची, कशाची नाही

बहुतेक घरांत क्रम उलटा होतो. टेस्टवर दोन रेघा दिसल्या की दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी, कारण ठोके बघायचे असतात. इतक्या लवकर ठोके दिसतच नाहीत. रिपोर्टवर ‘फीटल पोल (गर्भाचा अंकुर) दिसत नाही’ असं येतं आणि सगळं घर हवालदिल होतं. आणि ज्या गोष्टींची खरोखर घाई असते, म्हणजे फॉलिक अ‍ॅसिडची गोळी, चालू औषधांची चौकशी, आपल्या विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी, त्या ‘तीन महिने कुणाला सांगायचं नाही’ या रिवाजापायी मागे पडतात.

म्हणून इथे सगळं क्रमाने दिलंय. हिशोब समजावा म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरलंय: शेवटची पाळी १० मार्चला आली, चक्र २८ दिवसांचं, मुक्काम नागपूर. आधीपासून काही आजार असेल तर तुमच्या डॉक्टरांचा शब्द या लेखाच्या वर.

आधी एक फाइल करा

साधी प्लास्टिकची फाइल चालेल. तिच्या पहिल्या कागदावर शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, चक्र साधारण किती दिवसांचं, आधीची बाळंतपणं किंवा गर्भपात, ऑपरेशनं, आणि रोज चालू असलेल्या प्रत्येक औषधाचं नाव लिहा. नाव आठवत नसेल तर रिकामी स्ट्रिपच फाइलमध्ये टाका. ‘ती पांढरी छोटी गोळी’ या वर्णनावरून कुणालाच काही ठरवता येत नाही. सोबत दोघांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स, तुमच्या नावाच्या बँक पासबुकची झेरॉक्स, जुने रक्ताचे रिपोर्ट. दोघांचेही रक्तगट माहीत असतील तर तेही लिहा.

टप्पा १: घरची चाचणी

पाळीची तारीख उलटल्यावरच टेस्ट करा. आपल्या उदाहरणात पाळी ७ एप्रिलला यायला हवी होती, म्हणजे ८ एप्रिलपासून पुढे. दुकानातून आणलेलं किट चालतं, आशाताईंकडचं मोफत ‘निश्चय’ किटही चालतं.

सकाळची पहिली लघवी घ्या. एप्रिलच्या उन्हात आपण दिवसभर पाणी पीत असतो, त्यामुळे दुपारची लघवी पातळ होते आणि सुरुवातीच्या दिवसांत रेघ उमटतच नाही. किटवर लिहिलेत तेवढेच थेंब टाका आणि लिहिलेल्या वेळेतच निकाल वाचा, बहुतेक किटवर ती पाच मिनिटांच्या आसपास असते. नियंत्रणाची (C) रेघ आलीच नाही तर किट खराब, दुसरं आणा. दुसरी रेघ फिकट पण रंगीत असेल, तर ती रेघच आहे: दिवस गेलेत. मात्र अर्ध्या तासाने कचऱ्यातून किट उचलून बघितल्यावर दिसणारी राखाडी सावली धरू नका.

रेघ आली नाही आणि पाळीही आली नाही, तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा करा.

*सावधान:* पाळी लांबली म्हणून दुकानातून ‘पाळी यायच्या गोळ्या’ आणून घेणं ही फार जुनी आणि फार वाईट सवय आहे. आधी टेस्ट, मग गोळी. एक्स-रेचंही तसंच, दाताचा असला तरी ‘पाळी चुकली आहे’ हे आधी सांगा. आणि हे मूल आत्ता नको असेल तर गर्भपाताच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नका. कायदेशीर गर्भपाताची सोय सरकारी रुग्णालयांत आहे आणि तिथे आधी गर्भ गर्भाशयातच आहे ना, हे तपासलं जातं.

टप्पा २: आठवडे मोजा

डॉक्टर आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, संबंधांच्या तारखेपासून नाही. म्हणून पाळी चुकते त्या दिवशीच चार आठवडे पूर्ण झालेले असतात. ‘चार आठवडे कसे, आम्ही तर मागच्या महिन्यात गावाला होतो’ असे वाद यातूनच होतात. वाद घालू नका, मोजायची रीतच तशी आहे.

प्रसूतीची अंदाजे तारीख काढायला शेवटच्या पाळीत ९ महिने आणि ७ दिवस मिळवा: १० मार्चवरून १७ डिसेंबर. आता कॅलेंडरवर खुणा करा. सहा आठवडे २१ एप्रिलला, आठ आठवडे ५ मेला, बारा आठवडे २ जूनला. चक्र ३५-४० दिवसांचं असेल तर या सगळ्या तारखा पुढे सरकतात. हे डॉक्टरांना न विसरता सांगा, टप्पा ५ मध्ये त्यावर बरंच अवलंबून आहे.

टप्पा ३: त्याच दिवशी गोळ्यांचा डबा उघडा

बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी सहा आठवडे पूर्ण होईपर्यंत मिटते. पाळी चुकल्याचं ७ एप्रिलला कळलं आणि नळी २१ एप्रिलपर्यंत मिटणार, म्हणजे हातात जेमतेम दोन आठवडे. फॉलिक अ‍ॅसिड खरं तर दिवस जाण्याआधीच सुरू व्हायला हवं. झालं नसेल तर टेस्टच्या दिवशीच सुरू करा, नाव नोंदवायची वाट बघू नका. साधारण मात्रा रोज ४०० मायक्रोग्रॅम, निदान बारा आठवड्यांपर्यंत. दुकानात बहुधा ५ मिलिग्रॅमची गोळी हातात पडते, कारण तीच जास्त खपते. एवढी मोठी मात्रा आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल, मधुमेह असेल, फिटच्या गोळ्या चालू असतील, अशांना डॉक्टर देतात. सिकलसेलचा आजार असलेल्यांनाही ती बहुधा लागते. तुम्हाला कुठली हवी ते फोनवर का होईना, विचारून घ्या.

आता चालू औषधं. मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, फिटसाठीचं व्हॅलप्रोएट, मेथोट्रेक्सेट, वॉरफरिन आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या बाळाला इजा करू शकतात. यातलं काही चालू असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. पण फिटची किंवा थायरॉइडची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. थायरॉइडची मात्रा तर या दिवसांत बहुतेकींना वाढवावी लागते. अंगदुखीला आयब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊ नका. ताप, डोकेदुखीला पॅरासिटामॉल चालतं, तेही विचारून.

आणि खर्रा. आपल्याकडे बायका खात नाहीत असं समजून हा विषय कुणी काढत नाही, पण खातात, आणि काही जणी तर मळमळीवर उतारा म्हणून खातात. तंबाखू, सुपारी आणि चुना पन्नीत घोटून केलेला तो खर्रा बाळाचं वजन कमी करतो आणि वेळेआधी प्रसूतीचा धोका वाढवतो. दाताला लावायचा गुडाखूही त्यातलाच. दारू पूर्ण बंद. चहा दिवसाला दोन कप ठीक.

*तपासा:* फॉलिक अ‍ॅसिड सुरू झालं? चालू औषधांची यादी डॉक्टरांनी पाहिली? नसेल तर पुढचं सगळं थांबू द्या, आधी हे.

टप्पा ४: नाव नोंदवा, रक्त द्या

हा टप्पा बारा आठवड्यांच्या आत व्हावा असा सरकारी नियम आहे. माझं म्हणणं, आठ आठवड्यांच्या आत करा. कारण खाली येईलच.

नोंदणी आशाताई किंवा नर्सताईंमार्फत, महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात, गांधीबागेतल्या डागा रुग्णालयात, मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत होते. मिहान भागात राहणाऱ्यांना एम्स जवळ पडतं. प्रसूती खासगी दवाखान्यात करणार असाल तरी ही नोंदणी करा. माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं आणि प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेच्या निकषांत बसत असाल तर पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. बँक खातं तुमच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं लागतं. आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं, असं असेल तर आत्ताच एकसारखं करून घ्या, नाहीतर पैसे अडकतात.

शेजारणीपासून गोड बातमी लपवा हवी तर, आशाताईंपासून नको.

पहिल्या भेटीत वजन, रक्तदाब, लघवी आणि रक्ताच्या तपासण्या होतात: हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, एचआयव्ही, कावीळ बी, सिफिलिस, बहुतेक ठिकाणी थायरॉइड. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. धनुर्वाताचं टीडी इंजेक्शनही याच वेळी ठरतं. तुमचा रक्तगट निगेटिव्ह आला तर नवऱ्याचा तपासून घ्या आणि फाइलवर मोठ्या अक्षरात लिहा. साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा त्याहून जास्त आली तर ती गरोदरपणातली साखर समजतात. ग्लुकोज प्यायल्यावर लगेच उलटी झाली तर तसं सांगा, तो निकाल धरू नये.

आता सिकलसेल. विदर्भात हा प्रश्न पुस्तकातला नाही, जवळपास प्रत्येक मोहल्ल्यातला आहे. ‘आमच्या घरात कुणाला नाही’ हे उत्तर इथे चालत नाही, कारण वाहक माणूस, म्हणजे ज्याला हा दोष एकाच पालकाकडून मिळालाय तो, ठणठणीत असतो. त्याला आयुष्यभर कळतही नाही.

तपासणी दोन पायऱ्यांची. पहिली विद्राव्यता चाचणी, म्हणजे सॉल्युबिलिटी: बोटाचं रक्त द्रावणात टाकतात, ते गढूळ झालं तर पॉझिटिव्ह. पण एवढ्यावरून तुम्ही वाहक आहात की रुग्ण, हे कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी रक्ताची तपासणी लागते. त्या रिपोर्टवर ‘एएस’ म्हणजे वाहक, ‘एसएस’ म्हणजे रुग्ण.

तुम्ही ‘एएस’ निघालात तर त्याच आठवड्यात नवऱ्याची तपासणी, आणि तीही एचपीएलसीच. इथे हमखास चूक होते. नवऱ्याची फक्त सॉल्युबिलिटी करतात, ती निगेटिव्ह येते आणि सगळे निश्चिंत होतात. तो बीटा थॅलेसेमिया या दुसऱ्या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक असला तर सॉल्युबिलिटीत ते दिसतच नाही, आणि बाळाला दोन्हीकडून एकेक दोष मिळून गंभीर आजार होऊ शकतो. दोघंही सिकलसेलचे वाहक असाल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के. पहिलं मूल निरोगी झालं म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही.

दोघंही वाहक निघालात तर पोटातल्या बाळाची तपासणी करता येते. वारेचा कण घेऊन करायची ती तपासणी साधारण ११ ते १३ आठवड्यांत होते. आता आपल्या उदाहरणातल्या तारखा लावून बघा. रक्त एप्रिलच्या शेवटी दिलं तर तुमचा रिपोर्ट, नवऱ्याचा रिपोर्ट, समुपदेशन, विचार करायला वेळ, हे सगळं २६ मेच्या आत बसतं. नाव २ जूनला नोंदवलं तर हातात तेरा दिवस उरतात, त्यात रिपोर्टची वाट आणि नवऱ्याची सुट्टी. पुढे गर्भजलाची तपासणी करता येते, पण निर्णय तेवढा लांबतो आणि जड होतो. आठ आठवड्यांचा आग्रह यासाठी.

*तपासा:* रिपोर्टवर ‘सिकलिंग निगेटिव्ह’ एवढंच लिहिलंय का? मग हिमोग्लोबिन किंवा लाल पेशींचा आकार (एमसीव्ही) कमी असल्यास थॅलेसेमियाचं विचारा.

टप्पा ५: पहिली सोनोग्राफी

त्रास नसेल तर सात ते आठ आठवड्यांच्या दरम्यान, म्हणजे २८ एप्रिल ते ५ मे. तेव्हा गर्भाची पिशवी गर्भाशयातच आहे का, बाळ एक की दोन, ठोके आणि नेमके आठवडे, चारही गोष्टी एकदम कळतात. पाचव्या आठवड्यात गेलात तर फक्त पिशवी दिसेल आणि पैसे दोनदा जातील.

लवकर जायला हवं ते कुणी? पोटात दुखतंय, रक्त जातंय, आधी नळीत गर्भ राहिला होता, नळीचं ऑपरेशन झालंय, तांबी असताना दिवस गेलेत किंवा उपचारांनी गर्भधारणा झाली आहे, अशांनी डॉक्टर सांगतील तेव्हा, वाट न बघता.

जाताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि ओळखपत्र न्या. एफ फॉर्म भरावा लागतो, त्यात बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही असं तुम्ही लिहून देता. १९९४ च्या कायद्याने ते विचारणंही गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सोबत आलेल्या सासूबाईंना हे बाहेरच सांगून ठेवा. पोटावरून करणार असतील तर लघवी धरून ठेवावी लागते, आतून करणार असतील तर लघवी करून जायचं. अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. आतून केलेल्या सोनोग्राफीने गर्भ पडत नाही, आणि सुरुवातीला तीच जास्त स्पष्ट दिसते.

रिपोर्ट असा आला की, ‘पिशवी दिसते, ठोके दिसत नाहीत’, तर काय? आधी चक्राची लांबी आठवा. चक्र लांब असेल तर गर्भ तुमच्या हिशोबापेक्षा आठवडाभर लहान असू शकतो. एका सोनोग्राफीवरून ‘बाळ वाढत नाही’ हे ठरवायला ठरलेली मापं आहेत: बाळाची लांबी ७ मिलिमीटर किंवा जास्त असून ठोके नाहीत, किंवा पिशवीचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर किंवा जास्त असून आत बाळच नाही. यापेक्षा कमी माप असेल आणि तुम्हाला जास्त रक्तस्राव, ताप, दुखणं नसेल, तर ‘पिशवी साफ करून घ्या’ या सल्ल्यावर लगेच मान डोलवू नका. सात ते चौदा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी मागा. रिपोर्टवर ही मापं लिहिलेली असतात, स्वतः शोधा.

टप्पा ६: मळमळ आणि ऊन

साधारण सहाव्या आठवड्यात मळमळ सुरू होते, आठ ते दहामध्ये शिगेला पोहोचते, चौदा-सोळापर्यंत बहुतेकींची थांबते. छाती दुखणं, सारखी लघवी, बद्धकोष्ठ, संध्याकाळी सात वाजताच डोळे मिटणं, हे सगळं याच दिवसांतलं. एखाद्या दिवशी एकदम बरं वाटलं म्हणून घाबरू नका, चढउतार होतात. काहीच त्रास नसला तरी गर्भ ठीक असू शकतो.

उठण्याआधी अंथरुणातच मुरमुरे, फुटाणे किंवा सुकी पोळी चावा, मग दहा-पंधरा मिनिटांनी उठा. दर दोन-तीन तासांनी थोडं खा, रिकामं पोट मळमळ वाढवतं. पाणी जेवणासोबत गटागट नको, मधल्या वेळात घोटघोट. फोडणीचा वास सहन होत नसेल तर काही आठवडे दुसऱ्या कुणीतरी फोडणी घालावी, यात लाड कसले? सावजीचा रस्सा आणि तर्री पोह्यांवरची तर्री बाळाला काही करत नाही, पण जळजळ तुम्हालाच होईल. एवढ्याने भागलं नाही तर डॉक्सिलॅमिन आणि बी-६ ची गोळी गरोदरपणात सुरक्षित मानली जाते. डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि सहन करत बसू नका.

पिकलेली पपई माफक चालते, कच्ची टाळा. पहिल्या तीन महिन्यांत दोन जिवांचं खायची गरज नसते. निर्जळी उपवास या दिवसांत नको. केशराने मूल गोरं होत नाही, महिन्याचं बजेट मात्र पिवळं पडतं.

आपल्या उदाहरणात सर्वांत वाईट उलट्यांचे दिवस बरोबर मेमध्ये येतात, पारा ४५ कडे असताना. उलटीतून पाणी जातं, घामातून जातं आणि ‘ऊन लागलं असेल’ म्हणून दोन्ही अंगावर काढलं जातं. दुपारी ११ ते ४ बाहेर पडू नका. ओआरएसचं अख्खं पाकीट एक लिटर पाण्यातच घाला. अर्धं पाकीट ग्लासात अंदाजाने घातलं तर प्रमाण बिघडतं. नावात ओआरएससारखं काही असलेले गोड डबे वेगळे, ते घेऊ नका.

*लगेच दवाखाना:* आठ तासांत लघवी झाली नाही किंवा ती गडद झाली, पाणीही पोटात टिकत नाही, उभं राहिल्यावर अंधारी येते, किंवा वजन पाच टक्क्यांनी घटलं, म्हणजे ५० किलोच्या बाईचं अडीच किलो. सलाइन लागेल.

स्कूटी चालवल्याने, खड्ड्यांनी किंवा जिना चढल्याने गर्भ पडत नाही. चक्कर येत असेल तर मात्र गाडी नको, मेट्रो किंवा ऑटो बरा.

टप्पा ७: रक्त दिसलं तर

सुरुवातीच्या आठवड्यांत थोडं रक्त जाणं बऱ्याच जणींना होतं आणि त्यातल्या अनेकींचं गरोदरपण पुढे नीट चालतं. पण दरवेळी डॉक्टरांना कळवायचं. पॅड लावा, म्हणजे किती जातंय ते कळेल. रंग आणि वेळ लिहा. गाठ किंवा मांसासारखं काही पडलं तर स्वच्छ डबीत ठेवून सोबत न्या. रक्तगट निगेटिव्ह असेल तर फोनवरच आधी ते सांगा, कारण अँटी-डी इंजेक्शनचा निर्णय ७२ तासांत व्हावा लागतो. शेजारणीला दिलेल्या गोळ्या घेऊ नका. दिवसभर पलंगावर पडून राहिल्याने गर्भपात टळतो, असं सिद्ध झालेलं नाही.

*एक मिनिटही थांबू नका:* पोटात एका बाजूला जोरात दुखणं, खांद्याच्या टोकाशी दुखणं, घेरी येऊन पडणं, किंवा तासाला एक पॅड पूर्ण भिजणं. रक्त कमी दिसत असलं तरी गर्भ नळीत असून नळी फुटलेली असू शकते, रक्त आत साचतं. १०८ ला फोन करा आणि जिथे रात्रीही ऑपरेशन आणि रक्तपेढी आहे अशाच ठिकाणी जा: मेडिकल, मेयो, डागा किंवा तशी सोय असलेलं खासगी रुग्णालय. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊन सकाळची वाट बघण्यात वेळ घालवू नका. वाटेत काही खाऊ-पिऊ नका आणि पोहोचताच ‘पाळी चुकली आहे’ हे पहिलं वाक्य सांगा.

टप्पा ८: एनटी सोनोग्राफी

ही ११ आठवडे पूर्ण झाल्यापासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंतच होते. आपल्या हिशोबात २६ मे ते १५ जून. बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी मोजतात, सोबत डबल मार्कर नावाची रक्ताची तपासणी असते. ही बाळाच्या गुणसूत्रांतल्या दोषांसाठीची चाळणी आहे, निदान नाही. धोका जास्त दाखवला तर पुढची तपासणी लागते, गर्भपात नाही.

तारीख आठवड्याभरापूर्वी घ्या. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, नेमका याच दिवसांत असतो, तेव्हा सकाळची पहिली वेळ मागा. पाण्याची बाटली आणि काहीतरी खायला सोबत ठेवा, कारण बाळ हवं तसं वळलं नाही तर चालून या म्हणतात आणि तास-दीड तास जातो. पहिल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट विसरू नका. तो नसेल तर आठवड्यांचा हिशोब पुन्हा नव्याने मांडला जातो.

लोहाच्या गोळ्या साधारण चौदाव्या आठवड्यापासून, १६ जूनच्या आसपास सुरू होतील. त्या चहासोबत घेतल्या तर अंगी लागत नाहीत, चहा आणि गोळीत दोन तासांचं अंतर ठेवा. शौच काळी होईल, तसं होणारच.